वापरलेल्या पाण्याची वाट : बांधीव पाणथळींचा इतिहास आणि आपण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिराचा, पाठशाळेचा आणि चातुर्मासांचा इतिहास यावा हे उचितच आहे. तो लिहिण्यास अधिकारी व्यक्ती आपल्यात आहेत. प्रस्तुत लेखकाने मात्र भोजनशाळेच्या मागील बाजूस वाहणाऱ्या पाण्याचा विषय निवडला आहे. मंगलप्रसंगी हा विषय काहींना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या समाजात पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, त्या समाजाने वापरलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे पाहणे त्या आचाराशी सुसंगतच ठरेल, अशी आमची धारणा आहे.

आपल्या घरांतील जुन्या माणसांना विहिरीवरचा तो प्रघात आठवत असेल. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळले की काम संपत नसे. वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याने अलगद धुऊन ती 'जिवाणी' ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, तळाकडे कडी असलेल्या बादलीने, पाण्याच्या पृष्ठापर्यंत नेऊन सोडली जाई. वरून ओतणे निषिद्ध होते, कारण पडण्याच्या आघाताने जीव मरतात. म्हणजे पाणी घेताना जेवढी काळजी, तेवढीच परत देतानाही. पुढे तोटीचा नळ घरात आला, विहीर मागे पडली, आणि आचाराचा हा उत्तरार्ध आपोआप गळून पडला. पूर्वार्ध, म्हणजे गाळणे, अद्याप टिकून आहे.

टाकण्याच्या क्रियेला आपल्या शास्त्रांत स्वतंत्र स्थान आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील पाचवी उत्सर्ग समिती. उत्तराध्ययनाच्या चोविसाव्या अध्ययनातही मल, मूत्र इत्यादी कोठे व कसे परठवावे याचा विचार आहे. निर्जंतुक, निर्दोष अशी स्थंडिल भूमी पाहून, कोणाही जीवाला पीडा होणार नाही अशा रीतीने विसर्जन करावे हे त्याचे तात्पर्य. हा नियम साधूंसाठी आहे, श्रावकांसाठी नव्हे, हे खरे. परंतु श्रावकालाही वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह व तलाव आटविण्याचा धंदा मोजला आहे. तलाव आटविणे आणि तलाव नासविणे यांत जलचरांच्या दृष्टीने फारसा फरक असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. सांडपाणी ही गावाची अडचण अलीकडची आहे. जोवर पाणी शेंदून आणावे लागे, तोवर ते जपून वापरले जाई, आणि न्हाणीचे पाणी परसातल्या केळी, अळू, कर्दळीला पुरे. नळाबरोबर पाण्याची विपुलता आली व धुऊन वाहून नेणारी शौचकूपे आली. एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांनी भुयारी गटारे बांधली. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्राने हवा सोडून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत निघाली. परंतु तिला वीज अखंड लागते आणि जाणता कामगार लागतो. शहराला तो खर्च पेलतो. पाचशे-हजार वस्तीच्या खेड्याला पेलत नाही. म्हणून खेड्याच्या वाट्याला सेप्टिक टाकी आली. तिच्यात गाळ बसतो, पण टाकीतून बाहेर पडणारे पाणी काळे, दुर्गंधियुक्त आणि रोगजंतूंनी भरलेलेच असते. ते ओढ्यात जाते. ही स्थिती भारताची तशीच युरोपचीही होती, आणि या लेखातील कथेचा आरंभ युरोपातच होतो.

जर्मनीच्या उत्तरेस प्ल्योन येथील माक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषी काम करीत होत्या. लव्हाळ्याच्या कुळातील एक उंच पाणवनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1952 साली त्यांनी पाणवनस्पतींच्या साहाय्याने दूषित पाणी सुधारते काय, याचे प्रयोग सुरू केले. त्या काळची शास्त्रीय समजूत याच्या अगदी उलट होती. घाण पाण्यात उच्च पाणवनस्पती नीट वाढतच नाहीत आणि विषारी द्रव्ये नाहीशी करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, असे मानले जाई. झायडेल यांनी फिनॉलसारख्या विषारी द्रव्याचे, दुग्धालयांचे आणि गोठ्यांचे पाणी आपल्या रोपांना देऊन पाहिले. रोपे जगली, पाणीही सुधारले. सांडपाण्याच्या अभियंत्यांनी यावर विश्वास ठेवण्यास पुष्कळ वर्षे घेतली. एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने नळकाम व टाक्यांच्या क्षेत्रात शिरावे, हेही कित्येकांना रुचले नसावे, असा आमचा तर्क आहे.

1960 नंतरच्या दशकात त्यांनी आपले लक्ष मुद्दाम ग्रामीण वस्त्यांकडे वळविले, आणि आपल्या दृष्टीने हेच महत्त्वाचे. सेप्टिक टाकीचे अपुरे काम पुढे कसे पूर्ण करावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी तळ न झिरपणारे वाफे बांधले व त्यांत वाळू-खडी भरून वनस्पती लावल्या. पहिल्या वाफ्यात पाणी वरून खाली झिरपावे, त्यानंतरच्या वाफ्यात ते आडवे सरकत जावे, अशी योजना केली. पहिल्या वाफ्यात मुख्यतः नळ लावलेला असे. येथे नळ म्हणजे तोटी नव्हे. ओढ्याकाठी पुरुषभर उंचीहून वाढणारे, पोकळ कांड्यांचे, वर तुऱ्यासारखा मोहोर येणारे जे गवत, ते नळ. आपल्या भांडारांतील पोथ्या ज्या बोरूने लिहिल्या गेल्या, त्या बोरूचे ते सगोत्र.

या कल्पनेवर आधारलेले पहिले मोठे काम जर्मनीत झाले नाही, शेजारच्या हॉलंडमध्ये झाले. समुद्र हटवून मिळविलेल्या फ्लेवोलँडच्या भूमीवर उन्हाळ्यात सहलीला येणाऱ्या लोकांचा तळ असे. हजारो माणसे काही आठवडे राहत आणि निघून जात. वर्षातील दोन-तीन महिन्यांसाठी यंत्रांचे केंद्र उभारणे परवडणारे नव्हते. म्हणून 1967 ते 1969 या काळात तेथे सुमारे एक हेक्टर क्षेत्राचे, जेमतेम चाळीस सेंटिमीटर खोल पाण्याचे, ताऱ्याच्या आकाराचे नळवन तयार करण्यात आले. आकार देखणा होता, परंतु त्यात शिरून गवत कापणे व गाळ काढणे जिकिरीचे ठरले. पुढे तेथेच सरळ, लांबट चरांची रचना स्वीकारावी लागली. ज्याची देखभाल करता येत नाही असा आकार, कागदावर कितीही सुंदर असला तरी, टिकत नाही, हा अनुभव या विद्येच्या बाल्यावस्थेतच आला. आणि ज्या वस्तीसाठी हे झाले ती यात्रेसारखीच होती: कधी ओसंडणारी, कधी रिकामी. तीर्थक्षेत्री राहणाऱ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपला ट्रस्ट ज्या दशकात स्थापन झाला, त्याच दशकात, 1974 साली, जर्मनीतील ओटफ्रेसेन या गावाच्या सांडपाण्यासाठी दुसऱ्या एका पद्धतीचे काम सुरू झाले. तिचे प्रवर्तक ग्योटिंगेन विद्यापीठाचे राइनहोल्ड किकूट. त्यांनी खडीऐवजी चिकणमातीयुक्त माती वापरली. नळाची मुळे दोन-तीन वर्षांत मातीत इतक्या वाटा पाडतील की पाणी तिच्यातून सहज वाहू लागेल, आणि मुळांवाटे खाली उतरणारा प्राणवायू शुद्धीकरणास पुरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'मूलक्षेत्र पद्धती' हे नावही आकर्षक होते. डेन्मार्कने 1983 पासून आपल्या अनेक खेड्यांत ती उत्साहाने स्वीकारली.

परंतु मातीने ते भाकीत खरे केले नाही. मुळे वाढली, पण पाण्याला वाट झाली नाही. सांडपाणी मातीत शिरण्याऐवजी वरूनच वाहू लागले. डेन्मार्कच्या हान्स ब्रिक्स यांनी मुळांभोवतीच्या वायूंचे मोजमाप केले, तेव्हा मुळांतून बाहेर पडणारा प्राणवायू समजुतीपेक्षा फारच अल्प असल्याचे आढळले. कोणत्याही नव्या विद्येच्या इतिहासात असा टप्पा येतोच. येथे एवढे चांगले झाले की चूक उघडपणे मोजली गेली आणि प्रसिद्ध केली गेली. इंग्लंडमध्ये 1985 नंतर हे वाफे बांधू लागले, तेव्हा मातीऐवजी धुतलेली खडी वापरण्यात आली आणि सुमारे साठ सेंटिमीटर खोली रूढ झाली. तेथील अनेक लहान खेड्यांत असे वाफे अंतिम शुद्धीकरणासाठी बांधले गेले.

मग पाणी शुद्ध करते कोण? सामान्य माणूस नळाच्या हिरव्या रानाकडे बोट दाखवील. झायडेल यांचाही वनस्पतीवरच अधिक विश्वास होता. वस्तुतः बहुतांश काम खडीच्या प्रत्येक दाण्यावर व मुळांच्या तंतूंवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या पातळ, बुळबुळीत थराचे आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय मळ हे त्यांचे अन्न. जेथे प्राणवायू आहे तेथील जीव अमोनियाचे नायट्रेट करतात. जेथे प्राणवायू नाही तेथील जीव त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली चार बोटे राहून काही दिवसांत हळूहळू पुढे सरकते. ते उघडे पडत नाही, म्हणून दुर्गंधी सुटत नाही व डासांना अंडी घालण्यास जागा मिळत नाही. नळाचे काम खडी मोकळी ठेवण्याचे, जीवाणूंना आधार देण्याचे, थंडीवाऱ्यापासून वाफ्याला झाकण्याचे आणि थोडीफार पोषकद्रव्ये शोषून घेण्याचे. मुख्य कर्ता मात्र डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्म जीवांचे अस्तित्व ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्या आपल्या समाजास हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही.

फ्रान्समधील खेड्यांनी झायडेल यांच्या उभ्या झिरपणीच्या वाफ्यांतून स्वतःची रीत काढली, आणि आम्हांस ती सर्वांत उद्बोधक वाटते. तेथे सेप्टिक टाकीही वगळली जाते. गाळणी-जाळीतून आलेले कच्चे सांडपाणी थेट नळाच्या तीन वाफ्यांपैकी एकावर सोडतात. साडेतीन दिवस एक वाफा काम करतो, त्यानंतर सात दिवस त्याला पूर्ण विश्रांती देतात. त्या अवधीत वरचा गाळ सुकतो, हवा आत शिरते आणि बुजत चाललेली छिद्रे मोकळी होतात. हा उपवास चुकला की वाफा तुंबतो. फ्रान्समध्ये अशी हजारो केंद्रे बहुधा लहान गावांसाठी चालू आहेत.

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दिसू लागतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी घरगुती सांडपाण्यावरील आपले प्रयोग 1995 साली प्रसिद्ध केले. त्यांत नळ व पाणकणीस या आपल्याकडील वनस्पती होत्या. पुढे याच संस्थेने 'फायटोरिड' या नावाने स्वतःची रचना विकसित केली. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्येही छोट्या वसाहतींसाठी असे वाफे बांधले गेले.

तथापि आपल्या वाचकांस जवळचे वाटेल ते उदाहरण उज्जैनचे. अवंती पार्श्वनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल की, याच नगरीतील विक्रम विद्यापीठाच्या संशोधकांनी रवींद्रनगर या वसाहतीच्या सांडपाण्यासाठी खडीचा वाफा बांधून त्यात नळ लावला होता. त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. पाण्यात तरंगणारा मळ व अमोनिया यांत सरासरी सुमारे 78 टक्के घट झाली. सेंद्रिय मळाचे माप, ज्यास बीओडी म्हणतात, आणि स्फुरद यांत 58 ते 65 टक्क्यांच्या आसपास. युरोपच्या थंड हवेत सिद्ध झालेली गोष्ट माळव्याच्या उन्हात, देशी गवतावर, साध्या खडीत चालते, हे यावरून दिसले. आकडे प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांत चमत्कार नाही. एका वाफ्याने सारे होत नाही. पूर्ण शुद्धी हवी तर उभा व आडवा असे दोन वाफे जोडावे लागतात, म्हणजे झायडेल यांच्या मूळ योजनेकडेच परत यावे लागते. शिवाय असे पाणी झाडांना देण्यास योग्य होते, पिण्यास नव्हे. रोगजंतू पुष्कळ कमी होतात, निःशेष होत नाहीत.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एका मुनिभगवंतांच्या सान्निध्यात हा विषय निघाला असता एका ज्येष्ठ श्रावकांनी विचारले की, असंख्य जीवांची उत्पत्ती व्हावी अशी जागा हेतुपुरस्सर बांधणे, हा आरंभ-समारंभ नव्हे काय? ओलावा अंतर्मुहूर्तात सुकावा, जीवोत्पत्तीस अवकाशच मिळू नये, हा परठवण्याचा मूळ हेतू. वाफ्यात तर पाणी कित्येक दिवस राहते. प्रश्न योग्य आहे. साधूंच्या आचारास ही व्यवस्था लागू नाही आणि तशी ती सुचविणेही अनुचित होईल. परंतु श्रावकाने भोजनशाळा चालविली, शंभर खोल्यांत स्नानगृहे बांधली, तेव्हाच आरंभ घडून गेला. त्यानंतर उरतो तो प्रश्न जयणेचा. उघड्या गटारात तेच जीव उत्पन्न होतात, शिवाय डास होतात. ओढ्यातील प्राणवायू संपून मासे व बेडूक मरतात. आणि पाणी मारून शुद्ध करावे म्हटले तर क्लोरीन ओतावे लागते. या तिन्हींच्या तुलनेत वाफ्यात हिंसा अल्पतम घडते असे आम्हांस वाटते. यास धर्मकृत्य म्हणू नये. अल्प दोषाची व्यवस्था म्हणावे, एवढेच. वाफ्यातील नळही हिरवा कापण्याची गरज नसते. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, वाळलेली कांडी काढली तरी चालते.

वाफे बंद का पडतात, याविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण नवे बांधण्याचा उत्साह सर्वत्र असतो. पहिले कारण तेल-तूप. भोजनशाळेचे पाणी स्निग्धता अडविणाऱ्या टाकीतून न नेता सरळ सोडले, तर खडीवर थर बसून वाफा काही काळातच तुंबतो. दुसरे कारण सेप्टिक टाकीचा गाळ वेळेवर न काढणे. तो मग वाफ्यात उतरतो. तिसरे कारण पाऊस. छपराचे व अंगणाचे पाणी सांडपाण्याच्या नळीत शिरले की वाफा वाहून जाईल इतका लोट येतो. आपल्याकडे तर चातुर्मास व पावसाळा एकाच वेळी येतात. प्रवचनाला, तपाच्या पारण्याला, पर्युषणाला गर्दी होते ती नेमकी याच महिन्यांत. म्हणून पावसाचे पाणी निराळ्या वाटेने काढणे हे आपल्यासाठी ऐच्छिक नाही. चौथे कारण सर्वांत साधे आहे: ज्याने बांधला तो निघून जातो आणि वाफा कोणाचाच राहत नाही.

ट्रस्टच्या विश्वस्त मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे, हे सर्व सभासद जाणतात. सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मशाळेमागील मोकळ्या जागेवर यात्रिकांसाठी नवीन खोल्या बांधाव्यात, असा तो आहे. खोल्यांची निकड आम्हांसही मान्य आहे. परंतु भोजनशाळेचे व स्नानगृहांचे पाणी आजही त्याच जागेतून ओढ्याकडे जाते, आणि ओढ्याच्या खालच्या अंगास ज्यांची शेती व विहिरी आहेत ते आपले साधर्मिक नसले तरी शेजारी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एक वृद्ध शेतकरी कार्यालयात येऊन बसले होते. तक्रार करण्यास ते आलेच नव्हते. "देवाचं पाणी आहे, कसं बोलावं?" एवढेच ते म्हणाले आणि चहा न घेता उठून गेले.

हिशेब अवघड नाही. आडव्या वाफ्यास माणशी सुमारे पाच चौरस मीटर जागा धरण्याचा युरोपातील प्रघात आहे. दोनशे यात्रिकांसाठी हजार चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ दहा गुंठे. फ्रान्सच्या रीतीने माणशी दोन चौरस मीटर पुरते, म्हणजे चारच गुंठे. आपल्या हवेत उष्णता अधिक असल्याने सूक्ष्म जीवांचे काम वेगाने होते, त्यामुळे याहून अधिक जागेची बहुधा गरज पडू नये. परंतु एकदा त्या जागेवर इमारत उभी राहिली की पुन्हा चार गुंठे कोठून आणणार?

तेव्हा विनंती एवढीच की, नकाशे कायम करण्यापूर्वी एक वर्षभर मागील नाल्यातील पाणी मोजले जावे. त्यास तज्ज्ञ लागत नाही. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते, हे सकाळी, दुपारी व सायंकाळी पाहून वहीत लिहावे. त्या दिवशी भोजनशाळेत किती पाने उठली तो आकडा शेजारी लिहावा. चातुर्मासातील, आयंबिल ओळीच्या नऊ दिवसांतील आणि एरव्हीच्या सुन्या दिवसांतील नोंदी निरनिराळ्या येतील. ही वही पाठशाळेच्या मुलांकडे सोपवावी असे सुचवितो. विश्वस्तांची अनुमती मिळाल्यास पहिला आठवडा बादली धरण्यास प्रस्तुत लेखक स्वतः उभा राहील.